सतरा पायऱ्या

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥

काशीद,
सोमवार, दि. २ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. प्राप्तीस,

सगुणाचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. थंडीने तुझ्या पायाचं दुखणं वाढलं नसावं, एवढी देवाजवळ मागणी.

आज सामान आलं. सिमेंट बारा गोणी, चार हजार सहाशे ऐंशी. अर्धा ब्रास रेती दोन हजार सहाशे, रेती कसली, दगडाचा चुराच. सळई चार हजार आठशे. उतरवणावळ तीनशे. बारा हजार तीनशे ऐंशी गेले, आणि जिना कुठून काढायचा तेच अजून ठरलेलं नाही.

तू फोन उचलत नाहीस, त्याचा राग नाही. अल्पेश उचलतो, पण "कंपनीत आहे" म्हणून ठेवतो. रविवारीसुद्धा. म्हणून पत्र लिहायला बसले. मॅट्रिकनंतर एवढं लांब काही लिहिलेलं नाही, चुकलं तर सांभाळून घे.

माघी जयंतीला यंदा तुमच्या पालीला, बल्लाळेश्वराला आले नाही. माझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच चुकलं. गुडघे दुखतात असं सगळ्यांना सांगितलं.

जुना लाकडी जिना अंबाजी सुताराने शनिवारी उतरवला. माडीवर जायला सध्या शिडी आहे. शेजारची वेणूबाई बघायला आली नि म्हणते, "सगुणे, जिना काढलास, आता वर जायचं ते थेट देवाकडंच का?" सगळे हसले, मीही हसले.

ह्यांचं म्हणणं, जिना बाहेरून, अंगणातून काढायचा. माडीला वेगळं दार ठेवायचं आणि शनिवार-रविवारी समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची. मी म्हटलं, "पोरं आली तर कुठे झोपतील?" तर म्हणाले, "पोरगा घरजावई झाला तुझा. त्याच्यासाठी माडीवर धूळ राखून ठेवायची काय?" पण तुला सांगते, जिना बाहेरून गेला की माडी आपली राहत नाही. चार दिवसांत परक्यांच्या चपला वर दिसतील.

आतून काढायचा तर गवंड्याने दोन मापं दिलीत. आठ इंची पायरी धरली तर तेरा पायऱ्या होतात, भिंतीलगत नीट बसतात. सहा इंची धरली तर सतरा. दोन्ही विषम, शास्त्राला धरून. पण सतरांचा जिना लांबतो तो थेट देवघरावर येतो. देवाच्या डोक्यावर पाय कसे पडू द्यायचे? म्हणून मी तेरा म्हणून सांगून मोकळी झाले. आणि मग तुझा पाय आठवला. आठ इंच तुला चढवेल का गं?

दूध तापत ठेवलंय. उरलेलं उद्या लिहिते.

गुरुवार, दि. ५, संकष्टी

उद्या म्हटलं आणि तीन दिवस गेले. पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. टाकणारच नव्हते. का ते आता लिहिते.

काल अंबाजी आला होता. जुन्या जिन्याच्या फळ्या फुकट कशाला घालवायच्या, खिळे काढून दे, भांड्यांचं फडताळ होईल, असं मीच त्याला सांगितलं होतं. हे ओट्यावर चहा घेत होते. चौथी पायरी हातात घेऊन अंबाजी म्हणाला, "काकी, हे दोन खिळं कोनी ठोकले? वाकडे गेलेत. हा सुताराचा हात न्हाय." मग फळी उलटी करून बघितली. "आनि ही तर खालून कुजलीय. मागल्या साली तुम्हाला बोललो व्हतो ना, ही पायरी हलते, दोन खिळ्यांचं काम हाय. तुम्ही म्हनलात, पितृपक्षात लाकडाला हात नको, अमावस्या होऊ दे."

ह्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी आत गेले नाही. आत गेले असते तर आयुष्यभर आतच राहिले असते.

प्राप्ती, ती पायरी हलते हे मला माहीत होतं. घरात सगळ्यांचे पाय नकळत, सवयीने ती ओलांडून जायचे. तुला घरात येऊन सहा महिने झालेले, तुला कुणी सांगितलंच नाही. अंबाजी बोलल्यावर तरी मी सांगायला हवं होतं. त्याला परत पाठवलं, आणि चार दिवसांनी मामंजींच्या तिथीला पितळेचं पातेलं आणायला तुलाच माडीवर पाठवलं.

तू पडलीस तेव्हा सगळे तुला घेऊन अलिबागला धावले. मी मागे राहिले, कावळ्याला पान ठेवायचं आहे म्हणून. पान ठेवलं. मग हातोडी घेतली आणि त्या पायरीत दोन खिळे मारले. ज्या पंधरवड्यात सुताराला मारू दिले नाहीत, त्याच पंधरवड्यात मी स्वतः मारले.

संध्याकाळी अल्पेश कपडे न्यायला आला, तेव्हा त्याने त्या पायरीवर तीनदा जोर देऊन पाहिलं. हलली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तू म्हणालीस, "पायरी हलली." तुझ्या आईसमोर मी म्हटलं, "पायरीला काय झालंय? तीस वर्षं आम्ही चढतोय. मोबाईल बघत उतरायचं नाही." अल्पेशही म्हणाला, "पायरी पक्की आहे, मी बघितली." तेव्हा तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मांडीत सळई घातलेली, आणि वर आम्ही तुला खोटं पाडलं. तू खोटी नव्हतीस.

हे सगळं काल ह्यांना सांगितलं. चहा तसाच ठेवून उठले. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांग. माडीचं मग बघू."

म्हणून हे पत्र. अल्पेशला वाचून दाखव. तुला दाखववत नसेल तर तसं लिही, मी पालीला येऊन त्याच्या तोंडावर सांगीन. तो माझ्याशी बोलायचा बंद होईल, त्याची तयारी आहे.

आज चंद्रोदयाच्या आधी गवंड्याला सांगून येते, सतरा पायऱ्या. दोन्ही बाजूंना कठडा, हात ठेवायला. देवघर तिथून हलवते. गुरुजींना विचारलं, मुहूर्त बघून ईशान्येला बसवा म्हणाले. देवाला दोन हात सरकावं लागलं तर तो समजून घेईल. न समजला तर त्याचं माझं मी बघेन.

पण आतून की बाहेरून, ते तू सांगायचं. सतरा बाहेरूनही बसतात. तुम्हा दोघांना वेगळं दार, वेगळी चूल हवी असेल तर बाहेरून काढू, मी न विचारता वर येणार नाही. यायचंच नसेल तर तेही स्पष्ट लिही. मग ह्यांना माडीचं जे करायचं ते करू दे.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गवंडी ठरेल ती भिंत फोडायला येणार आहे. एकदा फोडली की फोडली. सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. एक शब्द लिहिलास तरी चालेल. उलटटपाली कळव.

खाली "आई" लिहिणार होते. तुझं उत्तर येईपर्यंत नुसती,

सगुणा