धूर नको, उजेड नको

९ जानेवारी, पांढुर्णा
शाळेचा वार्षिकोत्सव १७ ला, सायंकाळी सात. जागा तीच, मैदानात पाण्याच्या टाकीखाली. अन् टाकीला आग्या मोहोळ लटकून आहे, सुपाएवढं! प्रिन्सिपल सरांना म्हटलं, स्टेज दुसरीकडं घेऊ. "मॅडम, पक्का ओटा तिथंच आहे. माश्या रात्री झोपतात." झाले मोकळे. किडे-डास सांभाळायचं काम माझ्याकडं. काहून माझ्याकडंच, देव जाणे.

१० जाने.
नाचात सातवीची खुशी पुढं आहे. मागच्या वर्षी एकच माशी डसली, तर तोंड सुजलं, श्वास अडकला, नागपूरला न्यावं लागलं. म्हटलं, बाई, यंदा राहू दे. पोट्टी रडली नाही, पण घुंगरू काही सोडले नाही.
दुपारी तिची माय आली. संत्र्याच्या मंडीत फळं निवडायला जाते. "मॅडम, तिला नाचताना म्या अजून पाहिलंच नाही. सुट्टीच भेटत नाही. यंदा मागून घेतली. तुमच्या भरोशावर पाठवून राहिली."
आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

१३ जाने.
सर म्हणतात डास फार, कडुलिंबाचा धूर करा. धूर! मोहोळाखाली! डोकं फिरलं माझं.
घरी यांना सांगितलं. बोरगावच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात यांची मोहोळाशी रोजचीच गाठ. "धूर नको, टाकीकडं उजेड नको. मग काही करत नाहीत त्या." अन् डास? "जोरात हवा सोड, टिकत नाहीत ते. कूलर लाव." जानेवारीत कूलर! हसली मी. मग वाटलं, खरंच की.

१६ जाने.
स्टाफच्या घरचे कूलर माळ्यावरून उतरले. बिनपाण्याचे, नुसती हवा. बायका म्हणून राहिल्या, मॅडमला आत्ताच उन्हाळा लागला. हसा बाप्पा. हॅलोजन काढले, पिवळे बल्ब लावले, तोंड खाली. गेटवर गाडी तयार ठेवणार, डॉक्टरांनाही सांगून ठेवलं. जेवण गेलं नाही.

१७ जाने.

सगळं बरोबर चाललं होतं. कूलर सुरू, डास गायब, लोक शाली लपेटून खुश. खुशीचा नाच लागला अन् लाईट गेली. सगळे कूलर एकाच बोर्डावर! कुणाच्या ध्यानातच नाही आलं, माझ्याही नाही.
लोकांनी मोबाईलचे टॉर्च काढले. एकानं सरळ टाकीवर मारला. वरून घुंऽऽ सुरू झालं. मी स्टेजवर धावली, "बंद करा! सगळे टॉर्च बंद!" गळा फाटेस्तोवर ओरडली. एकेक करत विझले. मिट्ट अंधार. खुशीला धरायला हात पुढं केला, तर ती तिथं नव्हतीच. नाचून राहिली होती! ढोलकीवाले सरही थांबले नाहीत. मी वर कान लावून उभी. घुंऽऽ हळूहळू बसलं.
लाईट आली तेव्हा नाच संपला होता, पोरी हात जोडून उभ्या होत्या. एकही माशी उतरली नाही. मी तिथंच स्टेजवर रडली, सगळ्यांसमोर.

१८ जाने.
सर खुश. "मॅडम, कमाल केली!"
खुशीची माय गेटवर भेटली. पोरगी वाचली म्हणून माझे हात धरले. मग हळूच म्हणाली, "घुंगरू ऐकले मॅडम. दिसली नाही."


१९ जाने.
खुशी स्टाफरूममध्ये. "२६ ला झेंड्यानंतर आमचा नाच ठेवा ना मॅडम. दिवसा. माय येते म्हणाली." सर लगेच हो म्हणाले. जागा तीच.
दिवसा माश्या झोपत नाहीत. मोहोळ तिथंच आहे. खुशी दारात उभी राहून माझ्या तोंडाकडं पाहत होती अन् मी सरांना म्हटलं, "नाच होईल सर, पण टाकीखाली नाही. गेटजवळ, मातीतच."