कुसळापुरती विद्या

आत्याबाई, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली तरी मी अजून तुम्हाला घाबरते. सून सासूला घाबरणारच, पण माझं कारण वेगळं आहे. तुमच्या धाकट्याचा डावा डोळा गेला, आणि तो कसा गेला हे तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं.

भात झोडपायच्या दिवसांत विंझरपासून गुंजवण्यापर्यंतची माणसं डोळा चोळत आपल्या चुलीपुढं यायची. तुम्ही पापणी उलटवून जिभेच्या टोकानं कुसळ अलगद उचलायचात. मलाही शिकवलंत. पण एकदा लोहाराच्या डोळ्यात कण गेला आणि मी हौसेनं पुढं झाले, तेव्हा चारचौघांत माझ्या हातावर चापट मारलीत. "आपली विद्या कुसळापुरती. लोखंडाला जीब लावायची न्हाई, त्येला भोरच्या दवाखान्यात धाडायचं." मला तुमचा लई राग आला होता. तुमच्या माघारी माणसं यायचीच बंद झाली. दवाखाने झाले, कोण कशाला माझी जीभ लावून घेईल.

मग कोरोना नावाची साथ आली आणि सरकारनं सगळं बंद केलं. भावजी पुण्याच्या वर्कशॉपातून घरी आले. तिथं चष्म्याशिवाय मशीनला हात लावू देत नसत. घरी कसला आलाय चष्मा? एका सकाळी अंगणात कुदळीच्या दांड्याला लोखंडी पाचर ठोकताना कपची उडाली. भावजी डोळा दाबून चुलीपाशी येतात. रक्त नाही, बुबुळावर खसखशीएवढा ठिपका. मी पदराला हात पुसते, पापणी उलटवते, जीभ लावते. जिभेला काहीच लागत नाही, तरी मी म्हणते, निघालं.

दुसऱ्या दिवशी डोळा सुजला, तिसऱ्या दिवशी पू आला आणि भावजी भिंतीवर डोकं आपटायला लागले. तेव्हा कुठं आम्ही दुधाच्या टेम्पोतून निघालो. नसरापूरच्या नाक्यावर पोलिसानं भावजींच्या डोळ्यावरची पट्टी बघितली आणि कागदही न मागता जा म्हणाला. पुण्याचे डॉक्टर थकलेले होते. म्हणाले, पूर्वी असे डोळे कारखान्यातून यायचे, त्याच दिवशी यायचे. आता घराघरांतून येतात, पोराबाळांचेसुद्धा, आणि उशिरा येतात. डोळ्यात काही घातलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. डोळा काढावा लागला.

वर्कशॉपनं त्यांना परत घेतलं नाही. आता पानशेतला एका हॉटेलापुढं पुण्याच्या लोकांच्या गाड्या लावून देतात. जेवताना डाव्या बाजूची वाटी त्यांना दिसत नाही, मी ती उजवीकडं सरकवते. कुणी विचारलं तर तेच सांगतात, "रस्ता बंद व्हता, वैनी तरी काय करनार?" मी खाली मान घालून वाढत राहते.

हे पत्र पोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे, तुम्ही समोर असतात तर धजले नसते. वेशीवर पोरांनी बाभळी आडव्या टाकल्या होत्या हे खरं आहे. पण त्या सकाळी भावजींनी मला विचारलं होतं, सरपंचांना सांगून गाडी काढू का. ते आता हे विसरलेत की मला सांभाळून घेतात, मला कळत नाही. मीच म्हणाले होते, "कशाला? मी हाय की." इतक्या वर्षांनी कुणीतरी डोळा दाखवायला माझ्याकडं आलं होतं, आत्याबाई. मला बरं वाटलं होतं.