तुमच्या हातचा मरून रंग

बाबा, दिग्रसच्या डॉक्टरांची ती मरून गाडी, तुम्ही शेवटची रंगवलेली, मागच्या आठवड्यात माझ्याकडे आली होती.

माझ्याकडे म्हणजे यवतमाळला, आर्णी रोडवरच्या माझ्या दुकानात. हे दुकान तुम्ही पाहिलेलं नाही. इथे मी गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे काढते. तुमच्या वेळी रंग म्हणजे नुसता रंग असायचा. आता त्याच्यावर काचेसारखा एक थर असतो, आणि धुळीचं फडकं फिरून फिरून त्याच्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं धरतं. राजूरकडून येणाऱ्या गाड्यांवर कोळशाची धूळ, त्यांचं तर विचारूच नका. कोणत्या रंगाला कोणतं कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, लावायचं, त्यावर कोणतं पॉलिश, लोकरीचा पॅड घ्यायचा की फोमचा, हे ठरवण्यातच माझी सकाळ जाते. आधी तळहाताएवढ्या जागेवर करून बघते. मशीन फिरवायला काय, कोणीही फिरवेल.

ही रीत तुमचीच. दिग्रसला कापसाच्या जिनिंगला लागून असलेली आपली शेड अजून दिसते मला. हंगामात हवेत रुई उडतेय, तुम्ही जमिनीवर पाणी मारताय, ओली ताडपत्री बांधताय, आणि तरी एखादा तंतू ओल्या रंगावर येऊन बसतोच. मी कॉलेजातून सरळ तिकडेच येते. एकदा एका जीपच्या बॉनेटला लवकर चमक यावी म्हणून मी खरखरीत कंपाउंडचा डबा उघडला, तर तुम्ही माझं मनगट धरलं. "आधी मऊ घे," म्हणालात. "त्यानं नाई निंगालं, तरच हे. घासलेला रंग वापस येत नाई, बाई." मी दिवसभर फुगून बसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची जुनी बनियन धुऊन, घडी घालून, कडेने टाके मारून मला दिलीत. तुमचे टाके वाकडेतिकडे होते, पण फडकं इतकं मऊ की मी बरेच दिवस ते रंगाला लावलंच नाही.

डॉक्टरांची गाडी तुम्ही रंगवली तेव्हा तुम्हाला दम लागत होता. तोंडाला रुमाल बांधायचात, तेवढंच. गाडी देऊन थोडे दिवस झाले असतील, आणि एका दुपारी तुम्हाला श्वासच घेता येईना. आईने डॉक्टरांकडे धाव घेतली. यवतमाळला न्यावं लागेल म्हणत त्यांनी स्वतःच गाडी काढली. शेजारच्या काकांनी आणि मी तुम्हाला उचललं. आत घेताना माझ्या बांगड्या दाराला घासल्या, कर्रकन आवाज झाला, आणि त्या अवस्थेतही तुम्ही डोळे उघडलेत. "बांगड्या सांभाळ, बाई. रंग नवा हाय."

त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दारव्हा मागे पडल्यावर डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली, मागे वळून तुमची नाडी पाहिली, आणि काही न बोलता पुन्हा गाडी चालू केली. आता ते हळू चालवत होते. मला वाटलं, तुम्हाला धक्के बसू नयेत म्हणून. यवतमाळ येईपर्यंत मी पदराने तुम्हाला वारा घालत राहिले.

डॉक्टर आता फार थकलेत. नजर गेली आहे. ते नागपूरला मुलाकडे राहायला जाणार, आणि गाडी अमरावतीचा कोणी जुन्या गाड्यांचा शौकीन नेणार. देण्याआधी एकदा चमकवून दे, म्हणाले. मी गाडी उन्हात घेतली. मागच्या दारावर मुठीखाली माझ्या बांगड्यांच्या रेघा तशाच होत्या. मऊ पॉलिश घेऊन फोमच्या पॅडने सुरुवात केली, आणि पॅड मरून झाला. काचेचा थर नाही ना, निघतो तो तुमचाच रंग. मी मशीन बंद केलं.

डॉक्टर ड्रायव्हरबरोबर आले होते, खुर्चीवर बसून होते. त्यांनी हात पुढे करून दार चाचपलं, बोटं रेघांवर थांबली. निघतील का, विचारलं. मी खरं तेच सांगितलं: कडक कंपाउंडने निघतील, पण तिथला रंग पार पातळ होईल. त्यांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "त्या दिवशी मी गाडी दारव्ह्यालेच थांबवाले पाह्यजे होती, बेटा. तिथंबी दवाखाना होता. मले वाटलं, यवतमाळ गाठतो."

बाबा, हे मीही कितीदा मनात म्हटलं होतं. त्यांच्यावर रागावलेही होते. पण समोर हे म्हातारे, कुठे बघावं ते न कळणारे डोळे घेऊन बसलेले. मी म्हटलं, "काका, तुमीच तं गाडी काढली. दुसरं कोन आलं आमच्यासाठी?" त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. रेघा राहू दे म्हणाले. मी मऊ पॉलिशचा आणखी एक हात दिला आणि वॅक्स लावलं. संध्याकाळी अमरावतीचा माणूस गाडी घेऊन गेला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. आई माझ्याजवळच राहते, दुकानाच्या वर. तुम्हाला नेलं त्या दिवशी पुढे शेजारचे काका बसले, आणि मागच्या सीटवर तिला जागा झाली नव्हती. ती मागून एस्टीने आली, आणि तोवर तुमच्यावर चादर ओढलेली होती. मागच्या आठवड्यात गाडी खाली उभी असताना तिने वरून विचारलं, कोणाची आहे गं? मी म्हटलं, अशीच, एका गिऱ्हाइकाची.