रिकामा रकाना पाठवायचाच

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापून आहे.

आमचा प्रोग्रॅम दर्यापूरच्या दवाखान्यातल्या पेशंटची माहिती कॉम्प्युटरला वाचता येईल अशी एक्सएमएल फाइल करून इथल्या मोठ्या दवाखान्यात पाठवतो. दर्यापूरच्या डॉक्टरनं एका आजीबाईंची रक्त पातळ करायची गोळी बंद केली, म्हणजे तो रकाना रिकामा केला. पण रिकामा रकाना आमचा प्रोग्रॅम फाइलमध्ये घालतच नाही! इथल्या कॉम्प्युटरला वाटलं, काही बदललंच नाही. जुनी गोळी तशीच दिसत राहिली. आज आजी इथे भरती झाल्या, तर सिस्टर ती द्यायलाच निघाली होती. आजींची मुलगी ओरडली, "थांबा! ते गोळी तं बंद केली ना डॉक्टरनं!" म्हणून निभावलं.

मुलगी तिथे नसती तर?

ऑफिसातल्या आमच्या साहेबांना म्हटलं, रिकामा रकाना रिकामा म्हणूनच पाठवू. ते हसले.

"जे नाहीच, ते कावून पाठवता मॅडम? फाइल उगाच मोठी होते."

"सर, गोळी बंद झाली हे त्या रिकाम्या रकान्यातूनच कळते ना!"

"पुढच्या महिन्यात पाहू. दवाखान्याले काही सांगू नका."

पुढच्या महिन्यात? एका ओळीचा तर बदल! मी तो लगेच केला, तपासला आणि चालू केला. मग साहेबांच्याच टेबलावरून मोठ्या दवाखान्यात फोन लावला. जुन्या नोंदींवर विसंबू नका, सगळ्या पुन्हा पाठवतेय, असं स्पष्ट सांगितलं.

"नोकरी जाईन तुमची," साहेब म्हणाले.

"जाऊ द्या. पयले फायली जाऊ द्या."

सगळ्या फायली पोचल्यावरच उठले. उद्या नेहमीच्या वेळेला ऑफिसात जाणार. काढायचं असेल तर तोंडावर सांगून काढा म्हणावं.