वर्गात निसटलेले ‘काहून’

अकोला, ता. ९ मार्च १९६३

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम.

काळजी मिटली. शिक्षिकेच्या प्रमाणपत्रासाठी द्यावयाच्या अखेरच्या पाठात मी उत्तीर्ण झाले. आता नोकरी करीत बी.ए. आणि मग बी.टी. करीन.

पाठ मात्र बुडत चालला होता. माझ्या निर्दोष प्रश्नांना मुले उत्तरच देईनात. शेवटी आपल्या घरच्या बोलीत तोंडून निसटले, “काहून बोलून नाही राहिले रे?” वर्ग खदखदून हसला आणि भराभर हात वर झाले. परीक्षकांनी नेमके तेच वाखाणले; मला तो अजूनही दोषच वाटतो.

आईचा खोकला कसा आहे? खरे कळवावे.

आपले मागील पत्र मी तांबड्या शाईने शुद्ध करून परत पाठविले. तेव्हापासून आपले पत्र नाही. बाबा, तुमी काहून लिहून नाही राहिले?

आपली,
शालू