फ्रीजरमधली बशी

चिरंजीवास,

रविवार, सात जून, दुपारी सव्वातीन. बर्फासाठी तू माझा फ्रीजर उघडलास आणि आत रिकामी बशी बघून तुझा चेहरा पडला. मी शेगडीपाशी हिवाळ्यासाठी तुतीचा जॅम ढवळत होते. तू गॅलरीत जाऊन ताईला फोन लावलास, "आईचं डोकं चालत नाही गं आता. बश्या फ्रीजरमध्ये ठेवते." माझे कान मात्र उत्तम चालतात.

गाढवा, जॅम झाला की नाही ते गार बशीवर थेंब टाकून बघतात. बोटाने ढकलल्यावर थेंबाला सुरकुती पडली की गॅस बंद करायचा. हे मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरने शिकवलं आणि तिला कोणी वेडी म्हटलं नव्हतं. मी तुला तेव्हाच सांगितलं, तर तान्ह्या बाळाशी बोलावं तसं "हो गं आई" म्हणालास, गॅस बंद केलास आणि रेग्युलेटर खिशात घालून गेलास. जॅमचं सरबत झालं. काल ताईने वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक पाठवलं. बाग छान दिसते. तूच राहून ये.

रेग्युलेटर परत आण. ताईला खरं काय ते कळव. फोन करू नकोस, फोनवर तू नुसतं "बरं, बरं" करतोस. शनिवारी दुपारी बाराच्या आत लेखी उत्तर आलं नाही, तर तुझ्याकडची किल्ली माझ्या दाराला लागणार नाही.

पूर्ण शुद्धीवर असलेली,
तुझी आई