फुलांच्या पाकळ्या आणि तुमच्या गल्लीचं पाणी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग दंडवत. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी फोनवर सांगत होते, तळमजल्यावरच्या नळावरून बादल्या भरून तिसऱ्या मजल्यावर नेतेस म्हणून. या वयात हा हट्ट बरा नव्हे. (भाऊजींना नेऊ दे. पण त्यांची कंबर बादली दिसली की धरते.) तुमच्या गल्लीत पाण्याला दाब नाही याचं दुःख पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात बसणाऱ्या माझ्यासारख्यालाच कळेल. सगळ्या गल्लीच्या वतीनं तू एकच तक्रार दिलीस, तीही खिडकी उघडायच्या आधी येऊन, पहिला नंबर लावून. तेव्हा मी म्हटलंच होतं, काळजी करू नकोस, आपला माणूस आत आहे.

तर आतल्या माणसाची हकिगत ऐक. आमचे साहेब कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि तक्रारी हातानं मोजणं त्यांना मागासलेपणाचं वाटू लागलं. म्हणे संगणकाची एक खास आकडेमोडीची भाषा असते. तिचं नाव एकाच अक्षराचं. (ठेवणाऱ्यांना घाई असावी.) नवी पाइपलाइन कोणत्या वस्तीला द्यायची ते या भाषेत जो सोमवारी पडद्यावर दाखवेल तो विभागप्रमुख, आणि ज्याच्यावर काम सोपवूनही जमणार नाही, त्याची बदली जुन्या मीटरांच्या गोदामात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण विभागात चष्मा मलाच आहे.

पहिलं काम, तक्रारींची फाइल त्या भाषेत उघडायची. बस, एवढंच. फाइल माझ्या डोळ्यांसमोर, पडद्यावर, ढळढळीत. मी हुकूम लिहिला, तर लाल अक्षरांत उत्तर आलं की अशी फाइलच नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा! तुझ्या लेकीला फोन केला (ती या विद्येत मुरलेली), तर म्हणाली, "मामा, ते ज्या फोल्डरमध्ये बसलंय त्याच्या बाहेर बघतच नाही." म्हणजे स्वभाव आपल्या आत्याचा. मग फाइलचा पूर्ण पत्ता लिहिला, तर त्यातल्या तिरक्या रेघा भलत्या बाजूला झुकल्या म्हणून अडून बसलं. रेघांची तोंडं फिरवली, तर नावातलं एक इंग्रजी अक्षर मोठं पडलं म्हणून पुन्हा लाल. आमच्या कार्यालयालासुद्धा अर्ज परत पाठवायला इतकी कारणं सुचत नाहीत. दोन-तीन मी टिपून ठेवली आहेत.

शेवटी भाची वैतागली. "आधी आतलाच सरावाचा डेटा घे ना, त्याला फाइल लागत नाही." खरंच की! शिकाऊ लोकांसाठी त्या भाषेत काही आकडे तयारच भरून ठेवलेले असतात. कुणीतरी तीन जातींच्या फुलांच्या पाकळ्या मोजून ठेवल्यात. (लोकांना वेळ असतो.) नाव लिहिलं की हजर, कुरकुर नाही. मी हरखलो, सरासरी काढली, रंगीत ठिपक्यांचं चित्र काढलं आणि खऱ्या फाइलीशी सोमवारपर्यंत झुंजू असं ठरवलं. सोमवार आला, फाइल आली नाही. साहेब मात्र वेळेवर आले.

पडद्यावर फुलंच होती. हा नुसता सराव आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर साहेब उभे राहिले. तीन रंग म्हणजे तीन वस्त्या, हे त्यांनी स्वतःच ओळखलं. खालच्या कोपऱ्यात एकटाच बसलेला पुंजका बघून म्हणाले, "ही वस्ती समाधानी दिसते." अभियंत्यांनी मान डोलावली; त्यांना म्हणे हे प्रत्यक्ष जागेवरही जाणवलं होतं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडत असताना खरं बोलणारा माणूस गोदामात जातो, म्हणून मी पाणी प्यायलो. मग समाधानी वस्ती नेमकी कोणती यावर थोडी चर्चा झाली आणि जिथून एकच तक्रार आली तीच असणार, असं एकमतानं ठरलं. पाइपलाइन दुसरीकडे गेली. ताई, मी विभागप्रमुख झालो. घरी आल्यावर तुझे गुडघे आठवले. फार वाईट वाटलं गं.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. तू आहेस तशीच राहा, फक्त हे पत्र बसून वाच.

तुझा,
धाकटा

ता. क. निर्णयावर अजून सही झालेली नाही. आकडे एकदा ताजे करावे लागतात, असं मी साहेबांना पटवलंय. आणि आज खरी फाइल उघडली!

आणखी ता. क. उघडली खरी, पण ही भाषा फाइलीतली पहिली ओळ तक्रार म्हणून धरतच नाही, तिला रकान्यांचा मथळा समजते. पहिली ओळ तुझी. त्यामुळे तू सगळ्यांच्या वर मानानं बसली आहेस आणि तुमच्या गल्लीच्या तक्रारी शून्य. घरातल्या मोठ्यांचं आपण तेच करतो, डोक्यावर बसवतो आणि मोजत नाही. यावर उपाय असणारच, पण भाची आता माझा फोन उचलत नाही. तेव्हा एकच विनंती. उद्यापासून ताज्या तक्रारींची नवी फाइल सुरू होतेय, सगळ्या गल्लीला घेऊन खिडकीवर ये आणि या वेळी ज्याची त्याची वेगळी तक्रार द्या. शाळेपासून पहिली येत आलीस, कौतुक आहे. या वेळी कृपा करून दुसरी ये. पुढे भाऊजींना उभं कर. त्यांना मोजलं न जाण्याची सवय आहे.